वाडगं धरणारा हात

पहिल्याच बैठकीत त्यांनी मला अंडं उचलून दाखवलं. कंपनीचा नवा बायोनिक हात टेबलावर स्टँडला बसवला होता. तांत्रिक प्रमुखाने स्वतःच्या कोपराखाली दोन इलेक्ट्रोड बांधले होते. तो मूठ किंचित आवळायचा, की स्टँडवरची बोटं मिटायची. अंडं अलगद वर आलं, फुटलं नाही, जागच्या जागी परत गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवर थाप मारली. माझा बायोनिक हात डाव्या तळव्यावर आपटला की टाळीऐवजी खट्ट असा आवाज होतो आणि लोक दचकतात.

"कसं वाटलं, मॅडम?"

"छानच. फक्त अंडं मी डाव्या हाताने उचलते."

"मग हा हात काय करतो?"

"वाडगं धरतो."

खोलीत कंपनीची सहा माणसं होती. पाच जण माझ्याकडे बघत राहिले. सहावे, क्लिनिकल प्रमुख, खाली मान घालून गालातल्या गालात हसत होते. मला तिथे आणलं होतं त्यांनीच.

एकच हात गेलेल्या माणसाचा उरलेला हात बघता बघता सगळं शिकून घेतो. लिहिणं, बटणं लावणं, सुईत दोरा ओवणंसुद्धा. कृत्रिम हाताच्या वाट्याला येतं ते धरून ठेवण्याचं काम. बाटली त्याने धरायची, झाकण डाव्याने फिरवायचं. पिशवी त्याने धरायची, किल्ली डाव्याने शोधायची. मी मुद्रितं तपासते, तर कागद सरकू न देणं हे त्याचं मुख्य काम. कंपनीच्या हाताला चौदा पकडी येतात. मला दिवसात तीन पुरतात: मूठ, चिमूट आणि नुसतं दाबून धरणं. पसा आणि ओंजळ हे शब्द माझ्याकडे आहेत, पकडी नाहीत.

माझा उजवा हात कोपराखाली वीतभर ठेवून यंत्रात गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली आणि ती कथा सांगायचा मला कंटाळा येतो. (वीत, बोट, मूठ, हात: आपली जुनी मापंही अंगाचीच. डॉक्टरांनी "कोपराखाली किती उरलाय" हे मोजायला टेप काढली तेव्हा मी आधीच वीत लावून बघितली होती. डावी.) उरलेल्या भागाला या धंद्यात सगळे स्टंप म्हणतात. मराठीत थोटूक म्हणतात, पण ते समोरच्याने म्हटलेलं मला चालत नाही, मी म्हटलेलं चालतं.

क्लिनिकल प्रमुख मूळचे सॉकेट बनवणारे. सॉकेट म्हणजे स्टंप ज्यात बसतो ते कवच. माझ्या पहिल्या सॉकेटसाठी प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या त्यांनीच गुंडाळल्या होत्या. पुढे ते कंपनीत गेले, नेतृत्वमंडळात बसले आणि वर्षभरासाठी मला 'वापरकर्ता सल्लागार' करून घेतलं. मी आधी ते 'वापरकर्ती' करायला लावलं आणि मग सही केली. डाव्या हाताने.

सहा जणांतल्या प्रत्येकाची गोष्ट सांगत नाही, त्याची गरजही नाही. सीईओ उत्साही होते, भाषणं चांगली करायचे. वित्तप्रमुख बाई फारशा बोलत नसत, वहीत पेन्सिलने आकडे मांडत बसत. विमा कंपन्या आणि सरकारी योजनांशी बोलणी करणारा एक गृहस्थ होता. त्याचं एक वाक्य मला अजून आठवतं: "आपल्या धंद्यात हात घालणारा एक, हात लिहून देणारा दुसरा आणि बिल भरणारा तिसरा." अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना कृत्रिम पायासाठी माणसाला शून्य ते चार अशी पायरी देते, के-लेव्हल म्हणतात तिला. त्या पायरीवर कुठला गुडघा आणि कुठलं पाऊल मंजूर होणार हे ठरतं. म्हणजे माणूस किती चालतो हे बघून पाय मिळणार, आणि पाय कसला मिळतो त्यावर तो किती चालेल हे ठरणार. हे त्याने सहज सांगितलं, जणू पावसाचं वेळापत्रक सांगावं.

सगळ्यांत गंमत भाषेची. मी आल्यापासून त्यांच्या तोंडच्या म्हणी अडखळायला लागल्या. "या कामाला सगळ्यांनी हातभार..." म्हणून सीईओ थांबले. "हे आपल्या हातात..." म्हणून तांत्रिक प्रमुख थांबला. मराठीत हात टाळून पाच मिनिटं बोलून दाखवावं कुणी. शेवटी मीच म्हटलं, बिनधास्त बोला, मी स्वतः दिवसातून दहा वेळा हात टेकते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत मुद्दा आला वापराच्या तासांचा. हातातला छोटा संगणक नोंद ठेवतो: किती वेळ चालू होता, किती वेळा उघडला, मिटला. माझी सरासरी दिवसाला पाच तासांच्या आसपास. सीईओंना ते लागलं असावं. "इतका महाग हात आणि पाचच तास? कमी काय पडतं? पकडी? वेग?"

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि सकाळपासून हात अंगावर होता. म्हटलं, दाखवते.

झडपेचं बटण दाबलं. हवा आत शिरताना फस्स झालं आणि सॉकेट सुटलं. आतला सिलिकॉनचा लायनर मोज्यासारखा उलटा करत काढला. त्याच्या तळाशी साठलेला घाम टेबलावर सांडला, चमचाभर तरी असेल. हाडाच्या टोकाशी रुपयाएवढा लाल डाग होता. आतल्या बाजूला, जिथे इलेक्ट्रोड टेकतात तिथे, दोन चौकोनी वळ. कोपराच्या खोबणीत जुन्या पुळीची खपली. त्यावर वाससुद्धा येतो, दिवसभर बंद राहिलेल्या कातडीचा. विमावाल्या गृहस्थाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडापाशी नुसताच धरून ठेवला. तांत्रिक प्रमुख मात्र उठून जवळ आला, वाकला आणि ते चौकोनी वळ बघत राहिला.

"हा एक सरकलाय," तो म्हणाला.

"रोज सरकतो. दुपारपर्यंत स्टंप जरा आकसतो. सकाळी घट्ट असलेलं सॉकेट तेव्हा सैल होतं."

"म्हणून दुपारनंतर सिग्नल बिघडतो?"

"म्हणून माझ्या हातून कप पडतात."

नऊ वर्षं तो हे हात बनवत होता. माणूस हुशार आणि प्रामाणिक, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्याकडे लोक यायचे सकाळी, थंड खोलीत, अंघोळ करून, कोरड्या कातडीचे. दुपारचा स्टंप त्याने कधी पाहिलाच नव्हता.

या हाताचं काम चालतं ते असं. बोटं मिटणारे आणि उघडणारे मुख्य स्नायू मुळात बोटांत नसतात, कोपराखालच्या भागात असतात. हात गेला तरी त्यांचा काही भाग मागे उरतो. मेंदूला बातमी पोचलेली नसते म्हणा, तो पूर्वीसारखाच हुकूम पाठवतो आणि स्नायू आवळतो. आवळताना विजेची जी बारीकशी थरथर होते ती कातडीवरून टिपायची. व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही बहुधा कमी. आतला स्नायू आवळला की मूठ मिटते, बाहेरचा आवळला की उघडते, दोन्ही एकदम आवळले की पकड बदलते. एवढ्याशा कुजबुजीवर सगळा कारभार. मग घाम आला, इलेक्ट्रोड केसभर सरकला, की हात आपलं आपण उघडतो. अशा वेळी तो तुम्ही घातलेला हात नसतो, शेजारी बसलेलं खोडकर पोर असतं.

बिडिस आणि चाऊ या दोन कॅनेडियन संशोधकांनी २००७ साली मागच्या २५ वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले होते. विजेवर चालणारा हात मोठ्या माणसांपैकी सरासरी २३ टक्क्यांनी टाकून दिलेला निघाला, दोरी-पट्ट्याने ओढायचा साधा हात २६ टक्क्यांनी. मुलांमध्ये हेच आकडे ३५ आणि ४५. मी हे बैठकीत वाचून दाखवलं. विजेचा हात इतका महाग, इतका हुशार, आणि मोठ्यांच्या हिशेबात दोरीच्या हाताहून पुढे फक्त तीन पावलं. वित्तप्रमुख बाईंनी तेवढे चार आकडे वहीत उतरवून घेतले. पुढे त्या कधी काय बोलतील याची मी वाट बघत राहिले.

त्या वर्षात घरी येऊन मी या धंद्यातल्या जुन्या लोकांबद्दल वाचायला लागले. कंपन्या कुणी काढल्या, टेबलाच्या डोक्याशी कोण बसलं. अमेरिकेतला जेम्स हँगर १८६१ च्या जूनमध्ये, यादवी युद्ध नुकतंच पेटलेलं असताना, तोफगोळ्याने पाय गमावून बसला. वय १८. मिळालेला लाकडी पाय त्याला पटला नाही, म्हणून त्याने पिंपाच्या फळ्या तासून स्वतःचा पाय बनवला, गुडघ्यात सांधा असलेला. त्याच्या नावाची कंपनी आजही आहे. आइसलँडचा ओसुर क्रिस्टिन्सन जन्मतःच एका पायाने अधू आणि पेशाने कृत्रिम अवयव बनवणारा. त्याने १९७१ साली कंपनी काढली आणि पुढे गुंडाळत चढवायचा सिलिकॉन लायनर आणला. मी टेबलावर उलटा केला तो त्याचाच वंशज. व्हॅन फिलिप्सचा पाय १९७६ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, पाण्यावर स्कीइंग करताना गेला. त्याला जे पाऊल मिळालं ते इतकं निर्जीव होतं, की त्याने कार्बन फायबरची उसळणारी पट्टीच बनवली. ह्यू हरचे दोन्ही पाय १९८२ साली गिर्यारोहणात हिमदंशाने गेले. तो एमआयटीत प्राध्यापक झाला आणि मोटरने ढकलणारा घोटा घेऊन त्याने कंपनी काढली.

हे वाचताना मला सुरुवातीला फार बरं वाटलं. बघा, म्हटलं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नेमकी दुखती जागा त्यांनाच सापडली: पायाचं टोक, कातडीवरचं अस्तर, टाचेतली उसळी.

मग ओटो बॉक या जर्मन कारखानदारावर आले आणि माझा सिद्धांत लंगडायला लागला. बर्लिनमध्ये १९१९ साली, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी हा कारखाना निघाला. एकेक पाय हाताने कोरत बसलं तर इतक्या माणसांना पुरणार कसं, या पेचातून त्याने भाग आधी घाऊक बनवून ठेवायचे आणि शेवटी माणसाच्या मापाने जोडायचे ही रीत पकडली. म्हणजे अंगावरच्या वेदनेइतकाच हिशेबही लागतो. त्याच्या जावयाने, माक्स नेडरने, १९६९ मध्ये पिरॅमिडच्या आकाराच्या जोडणीचं पेटंट घेतलं. छोटासा धातूचा तुकडा, चार स्क्रू, आणि पायाचा कोन हवा तसा वळवता येतो. आज जगभरच्या कृत्रिम पायांत तो असतो. जाहिरातीत त्याचा फोटो कुणी छापत नाही. याच घराण्याने १९९७ साली संगणकाने चालणारा गुडघा बाजारात आणला, सेकंदाला ५० वेळा पायाची स्थिती तपासणारा.

आणि शेवट बहुतेकांचा एकाच गल्लीत. फिलिप्सची कंपनी २००० साली ओसुरने घेतली. एकेक बोट स्वतंत्र मोटरने हलवणारा आय-लिंब २००७ मध्ये बाजारात आणणारी स्कॉटलंडची टच बायोनिक्स २०१६ साली ओसुरकडेच गेली. हरची कंपनी २०१७ मध्ये ओटोबॉकने घेतली. आमच्या सीईओंच्या तोंडून या दोन नावांचा उल्लेख झाला की आवाजात भीती असे की लालसा, हे मला वर्षभरात ओळखता आलं नाही.

गुणवत्ता आणि नियम सांभाळणारी एक तरुण बाई होती, बैठकीत सगळ्यांत कमी लाडकी. कुठलाही आनंद ती "याची चाचणी झालीय का?" असं विचारून मोडायची. युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा २०१७ चा नियम २६ मे २०२१ पासून लागू झाला. त्याच्या १५ व्या कलमात अशी जबाबदार व्यक्ती उत्पादकाकडे असलीच पाहिजे असं म्हटलंय. (फार छोट्या कंपनीला बाहेरची चालते, पण कायम उपलब्ध हवी.) पुढे असंही म्हटलंय, की आपलं काम नीट केल्याबद्दल त्या व्यक्तीचं कंपनीत कुठलंही नुकसान होता कामा नये. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना बैठकीत काय होतं ते पक्कं ठाऊक होतं. हे वाक्य तिने छापून टेबलावरच्या काचेखाली ठेवलं होतं. मला ती आवडायची. दोघी चुका शोधूनच पोट भरणाऱ्या.

आता माझी चूक सांगते.

पुढच्या हातात मोटरने फिरणारं मनगट बसवायचं की नाही, यावर दोन बैठका गेल्या. मनगट बसवलं तर वजन वाढणार, तेही टोकाला. खरा हातही हलका नसतो, पण तो हाडाला जोडलेला असतो. हा लोंबतो कातडीला. टोकाला दहा ग्रॅम वाढले तर दुपारी ते शंभर वाटतात. माझं म्हणणं ठाम होतं: मनगट नको, तो पैसा सॉकेटमध्ये घाला, दिवसभरात सैल-घट्ट करता येईल असं काहीतरी करा, आणि लहान मापाचा हात आधी आणा. मी चांगलं बोलले. सीईओंनी मान डोलावली, तांत्रिक प्रमुखाने हिरमुसून वही मिटली. मनगट यादीतून गेलं.

पुढच्या महिन्यात क्लिनिकल प्रमुखांनी आणखी एका माणसाला बोलावलं. उच्चदाबाच्या तारेमुळे त्याचे दोन्ही हात कोपराखाली गेलेले. शांत माणूस. नवा हात त्याला घालून दिला, त्याने चमचा धरला, तोंडाकडे नेला आणि अर्ध्यावर थांबला. चमच्यातलं पाणी सांडलं. मनगट वळत नसल्याने त्याला सबंध खांदा उचलून, मान वाकडी करून चमच्यापर्यंत जावं लागत होतं.

"मनगट फिरत नाही यात?" त्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत नव्हते, इतके सगळे दुसरीकडे बघत होते. मीच सांगितलं, वजनामुळे काढायला लावलं, मी.

तो रागावला नाही. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे ताई. तुम्ही फिरवून घ्यायला दुसरा हात वापरता. वजन मी सोसेन, मला फिरू दे."

घरी येताना मी तो सगळा सिद्धांत मनातल्या मनात खोडला, लाल पेनने, समासात खूण करून. ज्याचं जळतं त्याला त्याचंच कळतं. माझा स्टंप हा एक स्टंप आहे. त्या टेबलाशी मी बसले म्हणजे सगळे हात गेलेले लोक बसले असं त्यांना वाटलं होतं. त्याहून वाईट, मलाही वाटलं होतं. मनगट पुन्हा यादीत आलं, पण वेगळा सुटा भाग म्हणून, हवं त्याने बसवायचं. ही युक्ती तांत्रिक प्रमुखाची. बॉकच्या कारखान्याचं त्याने वाचलं होतं की त्याला आपसूक सुचलं, विचारायचं राहिलं.

वर्ष संपता संपता मी एकच हट्ट धरला. धडधाकट माणसाला घालता येईल असं सॉकेट बनवता येतं. आपला हात आत मुठीत बांधला जातो आणि त्याच्या पुढे कृत्रिम हात येतो. बायपास म्हणतात त्याला. हात विचित्र लांब होतो आणि अनुभव अर्धामुर्धाच मिळतो, कारण आत आपला हात सुखरूप आहे हे ठाऊक असतं. तरी म्हटलं, सहाही जणांनी एकेक दिवस घाला. सकाळी चढवायचं, रात्री काढायचं. हातातली नोंद मी बघणार.

सीईओंनी जेवणाआधीच काढलं, एक फोन उचलायचा होता म्हणे. विमावाला गृहस्थ चिकाटीने चारपर्यंत टिकला. तांत्रिक प्रमुखाने घातला खरा, पण अर्धा दिवस तो सेटिंग बदलत बसला, म्हणजे डाव्या हाताने संगणकच चालवत होता. नियमवाल्या बाईने आधी विचारलं, या सॉकेटची चाचणी झालीय का. झाली नव्हती. तिने घातलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

वित्तप्रमुख बाईंचा दिवस शेवटचा. त्या दिवशी मी संध्याकाळी हिशेबाची कागदपत्रं द्यायला गेले, तर त्यांच्या खोलीत दिवा चालू होता. हात अजून अंगावर होता. पेन्सिल डाव्या हातात, वही बायोनिक हाताने दाबून धरलेली, आणि पानावर पहिलीतल्या मुलाने काढावेत तसे आकडे. मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. कागद घेतले, सही केली, सही वाकडी आली. मग खुर्चीवरून उठल्या, अंगातला कोट काढायला गेल्या आणि मध्येच थांबल्या.

"आधी कुठला हात काढायचा?"

"आपला. घालताना हा आधी, काढताना हा शेवटी."

त्यांनी डावी बाही सोडवली. उजवी ओढली ती अर्ध्यावर अडकली. अंगठा अस्तरात गुंतला होता. तो आधी आत वळवून घ्यायचा असतो, हे सांगायला मी विसरले होते. मी पुढे झाले, माझ्या बायोनिक हाताने कोटाची कॉलर धरली आणि डाव्या हाताने त्यांचा अंगठा सोडवायला लागले.